कमानीवरचा गॉगल

५ जानेवारी
उद्या डेन्मार्क. तिथल्या एका शाळेच्या डान्स प्रोग्रॅममध्ये एक्स्चेंज स्टुडंट म्हणून माझी निवड झाली आहे. मेअखेरपर्यंत तिथेच. आमच्या कॉलेजातून डान्ससाठी अर्ज करणारा मी एकटाच होतो, यावरून बाकीच्यांची हिंमत दिसते.

गावच्या कमानीवर बाबांनी बॅनर लावला. ‘करावे गावचा आंतरराष्ट्रीय नृत्यस्टार प्रीतम यास हार्दिक शुभेच्छा.’ फोटोत मला गॉगल आहे. खाली शुभेच्छुकांत चुलते, मामा, क्रिकेट टीम आणि बॅनर छापणारा स्वतः.

धर्मराज काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, कमानीखाली सगळ्यांसमोर म्हणाले, कमलाकर, पोराला नाचाला परदेशी धारतंस? हलदीन नाचतंय तवरा पुरं हाय. बाबा सहसा काकांना उलटून बोलत नाहीत. आज बोलले. म्हणाले, तुज्या तेजसच्या हलदीला स्क्रीन लावीन, सगला गाव बगंल माजा पोर कसा नाचतंय.

टेन्शन नाही. मी हळदीचा राजा आहे. एकदा ऐन रंगात जनरेटर बंद पडला, बँजो गप्प. मी टाळ्या आणि शिट्ट्यांवर अख्खं रिंगण नाचतं ठेवलं होतं. गाव अजून नाव काढतो.

१३ जानेवारी
पहिला क्लास. आत गेलो तर सगळे जमिनीवर आडवे. वाटलं, दमले असतील. अजून सुरुवात व्हायची होती.

इथे टीचरला नुसत्या नावाने हाक मारतात. टीचरचं नाव लोने. मला जमलं नाही, मी लोने मॅडम म्हणतो. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, इंटरेस्टिंग. दुसऱ्या कोणाला म्हणाल्या नाहीत.

२१ जानेवारी
संकल्प: रोज पहाटे उठून व्यायाम. डॅनिश शिकणे. गोड कमी.

२२ जानेवारी
इथे सकाळी आठपर्यंत काळोख. काळोखात व्यायाम केला तर डोळे खराब होतात. डॅनिश लोक बोलताना अर्धा शब्द गिळतात, त्यामुळे शिकायला फक्त अर्धीच भाषा. सावकाश शिकू.

रात्री जेवायला मासा. गोड. साखर घातलेला मासा! यजमान बाई किर्स्टन प्रेमाने वाढत होत्या, म्हणून खाल्ला. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायला लागली. मी नाही रडलो. इथली हवा कोरडी आहे, डोळ्यांना पाणी येतं.

६ फेब्रुवारी
लोने मॅडम म्हणाल्या, प्रीतम, जागा कमी घे. फ्रिडा नावाच्या मुलीच्या बरगडीत माझं कोपर बसलं होतं, तेव्हा. हळदीत कोपराला कोणी काही म्हणत नाही, तिथे जागा कोपरानेच होते.

विचार करता लक्षात आलं, ही तारीफ आहे. हॉल मला लहान पडतो. बाबांना तसंच सांगितलं. ते खूश. कामावर, एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर, सगळ्यांना सांगतो म्हणाले.

९ फेब्रुवारी
आईने फोटो पाठवला. दुसरा बॅनर. ‘परदेशातील हॉल लहान पडला!’ गॉगल तोच.

३ मार्च
मेमधल्या शोची तारीख लागली: सतरा. शाळा नेटवर लाइव्ह दाखवणार. तेजसदादाची हळदही सतरालाच! इथले संध्याकाळचे पाच म्हणजे तिकडे साडेआठ, मांडव भरलेला. बाबांनी लगेच स्क्रीनवाल्याला सांगून टाकलं. काका म्हणाले म्हणे, बगू. त्यांचं ते बगू मला लहानपणापासून माहीत आहे. बाबांचा शब्द खाली पडता कामा नये. मेन रोल घेतल्याशिवाय राहणार नाही.

१९ मार्च
आज मी शो वाचवला आणि कोणाला कदर नाही.

सगळ्यांनी मिळून नाचायचा डान्स बसवतोय. मधेच म्युझिक बंद झालं. सगळे जागच्या जागी थिजले. मला कळलं, लाईट गेली. कोणाला सुचेना, तर मी पुढे झालो, टाळ्या धरल्या, शिट्टी मारली, फ्रिडाला हात धरून ओढलं. लोने मॅडमनी हात वर केला. म्हणाल्या, हे मुद्दाम आहे. ही शांतताच डान्स आहे.

अशी शांतता आमच्याकडे फक्त मयताला असते.

२६ मार्च
म्युझिक थांबलं की माझे हात आपोआप उठतात. आज परत उठले. शिट्टी अर्धीच निघाली, पण निघाली. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

संकल्प: हात खिशात ठेवणे. (ड्रेसला खिसे नाहीत.)

८ एप्रिल
रोल मिळाला! स्टेजच्या अगदी मध्यभागी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी खुर्चीवर बसायचं, प्रेक्षकांकडे पाठ करून, अजिबात न हलता. बाकीचे माझ्याभोवती नाचणार.

राजा तरी आणखी काय करतो?

बाबांना सांगितलं, मध्यभागी मीच आहे, सगळे माझ्याभोवती नाचतात. त्यांनी तेच वाक्य मला दोनदा म्हणायला लावलं. खुर्चीचं सांगायचं राहून गेलं. रेंज नीट नव्हती. म्हणजे होती.

२२ एप्रिल
लोने मॅडमना भेटून म्हणालो, शेवटी तरी उठून थोडं नाचतो. घरचे बघणार आहेत, वडिलांनी शब्द दिलाय. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, वडील तुला बघतील ना, मग झालं. यांना आमचे काका माहीत नाहीत.

रात्री झोप नाही. चहा जास्त झाला असावा.

१० मे
तिसरा बॅनर. ‘आज थेट प्रक्षेपण’ असं आठवडाभर आधीच लावलंय. बाबांना खुर्चीचं सांगायला फोन केला. त्यांनी नवीन शर्ट शिवलाय, तोच दाखवत राहिले. छान आहे म्हणालो.

उद्या नक्की सांगतो.

१६ मे
नाही सांगितलं. भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय?

१७ मे
शो झाला. हललो नाही. शांतता आली तेव्हा हात उठू नयेत म्हणून खुर्ची घट्ट धरून बसलो. लोने मॅडमनी नंतर मिठी मारली.

तिकडे कमानीपर्यंत खुर्च्या लावल्या असतील. सगळ्या गावाने माझी पाठ बघितली. फोन बंद करून ठेवलाय.

१८ मे
देव आहे!

आईचा फोन. कोणी काही बघितलंच नाही. शो सुरू झाला, पोरं मला शोधत होती, कोण म्हणे हा, कोण म्हणे तो. तेवढ्यात आवाज बंद, सगळे थिजलेले. बाबा उठून म्हणाले, नेट गेला. हळदीत शांतता कोण ठेवणार? पोरांनी टाळ्या धरल्या, बँजो सुरू झाला, स्क्रीन बंद केला. काकासुद्धा नाचले. बाबांनी सगळ्यांना सांगितलं, नेमका प्रीतमचा नाच यायचा तवाच नेट गेला.

बाबा मात्र नाचले नाहीत. नवीन शर्ट घालून पाण्याच्या टाकीमागे मोबाईल घेऊन एकटेच उभे होते, म्हणे. रेंज शोधत असणार बिचारे.

चला, सुटलो. आता नाच कसा झाला ते माझ्याच हातात आहे.

१ जून, घर
सकाळपासून माणसं येतायत. मी सगळ्यांना डान्स सांगितला: सुरुवातीची उडी, मधली गिरकी, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवणारी पब्लिक. काकांना गिरकी करूनही दाखवली. काका म्हणाले, बरा नाचतंय की. बाबा बाजूला बसून प्रत्येक वाक्याला हां, हां म्हणत होते.

बॅनर उतरवलाय. अंगणात बाबांच्या स्कूटरवर टाकलाय, गॉगल बरोबर सीटवर येतो.

दुपारी जेवायला मी आणि बाबा दोघंच होतो. आईने बोंबलाचं कालवण केलं होतं. तिखट. बाबांनी माझ्या ताटात भात वाढला आणि खाली बघतच विचारलं, बाला, त्या शांततेत तुजा पाय क्याला थरथरत व्हता रं? बरा नव्हतास का?

मी म्हणालो, थरथरत नव्हता, ठेका धरला होता.

बाबा म्हणाले, हां.