ओदिलच्या दारापर्यंतचा बर्फ

वाचणाऱ्यांनो, काल सांगितलेले तुम्हाला आज आठवत नाही. मी गेल्यावर मात्र "आई असं म्हणालीच नव्हती" एवढे बरोबर आठवेल. म्हणून लिहवून घेते.

मी, एक्झिल्डा दैगल, वय सत्त्याऐंशी, राहणार सें-ओनोरीन, उत्तर मेन, अमेरिका, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वखुशीने करीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही; या घरात दडपण आणायचे काम आजवर माझ्याकडेच होते. मला लिहितावाचता येत नाही. चर्चमधल्या दोरिसबाईंनी लिहून घेतले व मला वाचून दाखवले.

१. घर व बँकेतली शिल्लक मुलगा रेजाँ व मुलगी लिनेट यांना सारखी. भांडलात तरी मी ऐकायला नाही.

२. माझा पिकअप ट्रक. या हिवाळ्यात रेजाँने त्याच्या पुढे बर्फ सारायचे पाते बसवले आणि टपावर पिवळे फिरते दिवे एवढे लावले की शेजारच्या गायी बिथरल्या.

"आई, लोकांना लांबून दिसायला नको का?"

"लोकांना तू दिसशील रे. तुला काय दिसणार?"

कारण पाते उचलले की ट्रकचे समोरचे दिवे त्यामागे झाकले जातात, आणि पात्याच्या वर दुसरे लावायचे या शहाण्याला सुचले नाही. मागे वजनाला वाळूची पोती टाक म्हटले, तर म्हणे ट्रकचा मागचा हौद घाण होतो. चढावर मागची चाके जागीच गरगरतात, हा आत बसून शिव्या देतो. ट्रकला.

३. भांडण. बहीण ओदिल रस्त्यापलीकडे, आतल्या वाटेच्या टोकाला राहते. माझ्या नवऱ्याच्या मयताला ती सर्दीचे निमित्त सांगून आली नाही. तेव्हापासून बोलणे बंद. रेजाँ आमच्या अंगणातला बर्फ ढकलत नेऊन तिच्या वाटेच्या तोंडाशी टाकू लागला. "तुझ्याच बाजूने करतोय ना, आई." गेल्या महिन्यात तिला श्वास लागला, अॅम्ब्युलन्स त्या गोठलेल्या ढिगाशी अडली. माणसांनी तिला स्ट्रेचरवरून ढीग ओलांडून आणले. वाचली, चिवट आहे. पुढच्या वेळी वाचेलच असे नाही.

सबब, हे भांडण माझी स्वकष्टार्जित मिळकत असून त्यात कोणाही वारसाला हिस्सा नाही. थंडीत मेले तर गोठलेली जमीन खणण्याइतकी मऊ होईपर्यंत मला दफनभूमीच्या कोठडीत ठेवाल. भांडणही तिथेच ठेवा.

४. ट्रक पात्यासह नात मिरेय हिला. अट: बर्फ पडला की पहिली खेप ओदिलच्या दारापर्यंत, आपले अंगण नंतर. अट मोडल्यास ट्रक गावच्या अग्निशमन दलाला. टपावरचे दिवे उतरवून रेजाँला द्यावेत. दिवाणखान्यात लावून बसावे.

साक्षीदार: जिल्बेर्त उएलेट (शेजारीण) व ओनेझिम सीर (न्हावी). दोघांना माझ्याकडून काहीच मिळत नाही, तेव्हा खरे बोलतील.

एक्झिल्डा दैगल, डावा अंगठा.
सें-ओनोरीन, ९ फेब्रुवारी २०२३.

अंगठ्याखाली आणखी लिहा, दोरिसबाई: मिरेयने पहिल्या खेपेला ओदिलकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. बकव्हीटची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची धिरडी, आपल्या रीतीने एकाच बाजूने भाजलेली, टॉवेलात गुंडाळून गरम न्यावीत. लोणी भरपूर, मेपलचा पाक नको, तिला मधुमेह आहे. कच्ची आहेत म्हणेल. म्हणू दे, उलटवू नका.