फक्त ॲडमिन

१५ मार्च, मोरबी
ग्रुप काढला. नाव 'आपलं गंजाड'. त्रेचाळीस मेंबर. पाड्यातले कोणी सुरतला, कोणी वापीला, मी इथे टाइल्सच्या कारखान्यात. आता सगळे एका जागी. सहावी नापास माणसाने जमवलं, हे लिहून ठेवतो.

१७ मार्च
विहिरीवरून भांडण. जिग्नेश म्हणाला, भिकूकाका, आधी टाइप करायला शिका, मग भांडा. काका म्हणाले, तू समोर ये, हाताने टाइप करतो. सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त ॲडमिन' केलं. म्हणजे शेवटचा शब्द आपला.

१८ मार्च, सकाळी सहा
ग्रुप एकदम शांत. एका दिवसात शिस्त!

२१ मार्च
नियम टाकला. ॲडमिनला खासगी फोन-मेसेज नको, जे बोलायचं ते ग्रुपवर सगळ्यांसमोर. कोणाचीच हरकत नाही.

२४ मार्च
बहिणीचा, तुळशीचा, फोन. उचलला नाही. घरच्यांना सूट दिली तर ग्रुप चालणार कसा?

२७ मार्च
महालक्ष्मीची जत्रा आली. दोन वर्षं चुकली. चार दिवस सुट्टी मिळालीय. पण न बोलावता जाऊन पाहुण्यासारखं उभं राहायचं नाही. ग्रुपवर टाकलं: गुरुवारी दुपारी वाणगाव स्टेशनला उतरतो, दहा जणांनी 'ये' लिहिलं तरच.

२९ मार्च
'ये' शून्य. विचार करत असतील. जिग्नेशने दोनदा फोन लावला. नियम जिग्नेशलाही. खोलीतला परेश म्हणाला, भाई, किती वेळा बघशील, अंडी घातली का मोबाइलने?

१ एप्रिल
शून्यच. सुट्टी परत केली. सुपरवायझर खूश. तसं जत्रेत काय असतं? धूळ.

२ एप्रिल, गुरुवार
डबल ड्युटी केली. दुपारी फोन पेटीत ठेवला होता.

४ एप्रिल
अनोळखी नंबर, म्हणून उचलला. तुळशी. शेजारणीच्या फोनवरून. म्हणाली, दादा, ग्रुपवर तू एकटाच बोलतोस, आमचं लिहायचं बंद आहे. 'ये' कुठे लिहायचं, कपाळावर? फोन तू घेत नाहीस. मग सगळे टेम्पो करून वाणगावला आलो तुला घ्यायला. सव्वीस जण. भिकूकाकासुद्धा. तीन गाड्या बघितल्या. पाड्यातली म्हातारी बुधीबाई प्रत्येक डब्याशी जाऊन हिरू, हिरू करत तुला शोधत होती. अंधारायला लागलं तेव्हा तसेच जत्रेला विवळवेढ्याला गेलो.
मी म्हटलं, इथे नेटवर्क नसतं.
ती म्हणाली, बरं.

५ एप्रिल
परेशकडून सेटिंग उघडून घेतलं. आता कोणीही लिहू शकतं. तसं कळवलं. खाली लिहिलं, माझं चुकलं.
बेचाळीस जणांनी वाचलं. कोणी काही लिहिलं नाही.
दुपारी वर दिसलं, जिग्नेश टाइप करतोय. भोंगा झाला तरी तिथेच उभा राहिलो. मग ते दिसायचं बंद झालं.