जुगाराला दुसरा शब्द

२ जानेवारी, सकाळी
नवी डायरी. संकल्प तीन. एक, लवकर उठणे. (आज साडेआठ. पण जाग सातलाच आली होती, तीच धरावी.) दोन, यंदा उपसंचालक होणे. तीन, डायरीत इंग्रजी शब्द वापरायचा नाही. भाषा खात्यातल्या परिभाषा अधिकाऱ्याला ते शोभत नाही. सोमवारपासून स्ट्रिक्टली.

५ जानेवारी
सचिवबाईंनी केबिनमध्ये बोलावले. सरकार जुगाराला कायदेशीर मान्यता देणार. नवा कायदा, नवे नियमन खाते, सुरुवातीला चार केंद्रे, सगळे कडक नियंत्रणाखाली. अडचण एकच, 'जुगार' हा शब्द. बाई म्हणाल्या, मंत्र्यांना उद्घाटनाला जायचंय, पाटीवर हे असलं काही असेल तर फोटो कसा काढायचा? दुसरा शब्द द्या, पंधरा दिवसांत. निघताना म्हणाल्या, उपसंचालकाची जागा रिकामी होतेय, तुमच्या कानावर आलंच असेल. आले होते. किंबहुना सगळ्यांच्या कानावर मीच घातले होते.

८ जानेवारी
'संभाव्यतारंजन' दिला. बाईंना तीनदा म्हणता आला नाही. चौथ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

१२ जानेवारी
'दैवयोगक्रीडा'. आमच्या टंकलेखिकेने 'दैवभोगक्रीडा' टाइप केले आणि तसेच वर गेले. मी झापले. ती म्हणाली, साहेब, मला वाटलं मुद्दाम लिहिलंय. तिला रिटायर व्हायला सहा महिने उरलेत, त्यामुळे ती कोणाला भीत नाही. नव्या खात्याला सरळ 'जुगार खातं' म्हणते. फोनवरसुद्धा.

१६ जानेवारी
घरी आईच्या गुडघ्यांचे चालू आहे. डॉक्टर म्हणतात, दोन्ही बदलायला हवेत. ऑपरेशनची तारीख मिळाली, १४ जुलै. पैशांची चिंता नाही. बाबा जाण्यापूर्वी आईच्या औषधपाण्यासाठी ठेव करून गेले आहेत, आईच्या आणि माझ्या जोडनावावर. दोघांची सही लागते. बाबांचा माझ्यावर फार विश्वास.
तोवर तिने जिने कमी करायचे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे घरीच बसायचे. दिवसभर खिडकीशी असते. आज जेवताना म्हणाली, मला काही विरंगुळाच नाही रे या घरात.
हातातला घास हातातच राहिला. विरंगुळा! साधा, घरगुती, जोडाक्षर नाही. पान तसेच टाकून उठलो आणि लिहून ठेवले. आईला वाटले, मी चिडलो.

१९ जानेवारी
मंजूर! सचिवबाई एका दमात म्हणू शकल्या. अड्डा नव्हे, 'विरंगुळा केंद्र'. जुगारी नव्हे, 'रसिक'. (हा माझा मास्टरस्ट्रोक.) हरलेली रक्कम म्हणजे 'योगदान', कारण तिच्यातला हिस्सा सरकारी तिजोरीत जातो. जिंकलेल्या रकमेला शब्द शोधायला वेळ मिळाला नाही. बाई म्हणाल्या, घाई नाही, तो फारसा लागणार नाही.
सगळे गोपनीय आहे, म्हणून घरी फक्त बायकोला सांगितले. ती म्हणाली, म्हणजे जुगारच ना? शाळामास्तरीण आहे, तिला सगळे एका वाक्यात हवे असते. आईला तर सांगायची सोयच नाही. तिने या घरात पत्त्यांचा कॅटसुद्धा कधी येऊ दिला नाही.

१० फेब्रुवारी
कायद्याचा मसुदा आला. टंकलेखिकेने एक बटण दाबून दोनशे बारा ठिकाणचा 'जुगार' काढला आणि 'विरंगुळा' घातला. मग मी डोळ्यांत तेल घालून वाचले. एका कलमाचा अर्थच लागेना: 'विरंगुळ्याच्या आहारी गेलेल्या व्यक्तीस कुटुंबीयांच्या अर्जावरून केंद्रात प्रवेशबंदी करावी.' विरंगुळ्याच्या आहारी कोण जाते? उघड भाषिक दोष. कलम वगळण्याची शिफारस केली. केंद्रे चालवणाऱ्या कंपन्यांच्या प्रतिनिधीने मीटिंगनंतर माझा हात दोन्ही हातांत धरून माझ्या भाषाप्रेमाचे कौतुक केले. टंकलेखिका म्हणाली, साहेब, कलम राहू द्या, शब्द बदला. तिला व्याकरणातले काय कळते.

३ मार्च
चार केंद्रे सुरू झाली. पेपरात फोटो. मंत्री, कात्री, फीत, आणि वर माझा शब्द, दोन फूट उंच. 'ळ' जरा बारीक काढला आहे. पत्र लिहीन.

११ मार्च
आईला मंडळ मिळाले! खालच्या मजल्यावरच्या आजी घेऊन गेल्या. सकाळी साडेनऊला दारात मोफत गाडी येते, जेवणाला परत सोडते. थंडगार हॉल, मऊ खुर्च्या, चहा फुकट. सगळी वयस्कर मंडळी. मी नाव विचारले. 'विरंगुळा केंद्र' म्हणे.
म्हणजे बघा! शब्द देऊन दोन महिने होत नाहीत तोच ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने उचललासुद्धा. शब्द रुजतो तो असा. बायको माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, एकदा जाऊन बघून या. म्हणालो, रविवारी.

१५ मार्च, रविवार
जरा कणकण. पुढच्या रविवारी.

२८ मार्च
आईचा चेहरा खुलला आहे. गुडघ्यांचे नाव काढत नाही. माणसाला सोबत मिळाली की सांधे आपोआप मोकळे होतात, हे डॉक्टरांना कोण सांगणार? गाडीचा ड्रायव्हर तिला 'रसिक आजी' अशी हाक मारतो. म्हणजे दुसराही शब्द रुजला.
लवकर उठण्याचा संकल्प एक एप्रिलपासून. आर्थिक वर्षाबरोबर केलेले बरे.

७ एप्रिल
प्रुफे तपासत होतो, तेवढ्यात आईने बँकेचा फॉर्म पुढे केला. म्हणाली, सही कर, मंडळात थोडं योगदान द्यावं लागतं. तिसरा शब्द! ऊर भरून आला. लगेच सही केली. फॉर्मवर 'ठेवीतून रक्कम काढण्याचि पावती' असे छापले होते. 'चि' ऱ्हस्व! ती वेलांटी दीर्घ केली. बँकांनी असले फॉर्म वाटावेत म्हणजे कमाल आहे.

२१ एप्रिल
नियमन समितीची बैठक. चार केंद्रांची एकोणीस होणार. एका सदस्याने विचारले, नियंत्रण नियंत्रण म्हणत हा विस्तार कसा? सचिवबाई म्हणाल्या, नियंत्रणाखाली जितकी जास्त केंद्रं, तितकं जास्त नियंत्रण. शाळेपासून पाचशे मीटरची अट आता दोनशे मीटर, तीही शाळेच्या मागच्या दारापासून मोजायची. मागचे दार नसेल तर शाळेने करून घ्यावे.
'विस्तार'ला मऊ शब्द हवा होता. 'नियमनाची व्याप्ती वाढवणे' दिला. बाईंनी वहीत उतरवून घेतला. आता माझ्या बढतीची ऑर्डर निघायचा अवकाश.

१५ मे
आई आता दुपारी तीनच्या गाडीनेही जाते. या महिन्यात माझ्या चार सह्या झाल्या. बायको म्हणाली, मंडळात एवढं कसलं योगदान असतं? म्हणालो, समाजकार्य असंच होत नाही. ती म्हणाली, तुम्ही आधी बँकेत जाऊन या. तिचा स्वभावच संशयी. दिवसभर मुलांच्या वह्या तपासून होतो तसा.
ऑफिसात कौतुकाने आईचे सांगितले. टंकलेखिका टायपिंग थांबवून म्हणाली, साहेब, 'विरंगुळा केंद्र' हे नाव दुसऱ्या कुणी वापरलं तर दंड आहे ना?
आहे. फक्त परवानाधारकांनाच वापरता येते. कलम मीच लिहिले आहे.
दुपारी जरा अस्वस्थ वाटले. पित्त असावे.

१७ मे, रविवार
मंडळात जाणार होतो. पण पित्ताला विश्रांती हवी.

९ जून
उपसंचालकाची ऑर्डर निघाली. दुसऱ्याच्या नावाने. त्याने 'लॉटरी'ला 'भाग्यपत्र' दिला म्हणे. सुमार शब्द. सचिवबाई म्हणाल्या, तुमची आम्हाला शब्दांसाठीच गरज आहे. ही पोचपावतीच समजायची. दोन दिवस रजा टाकली, निषेध म्हणून. कारण 'पित्त' लिहिले.

९ जुलै
हॉस्पिटलला आगाऊ रक्कम भरायची म्हणून बँकेत गेलो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, ही ठेव तर संपली. मी म्हणालो, पुन्हा बघा. त्याने पुन्हा बघितले. खात्यात जे आहे त्यात गुडघ्याला बांधायची पट्टी येईल. मी आवाज चढवला, कोणी काढले, कोणी सही केली? त्याने अकरा फॉर्म पुढे ठेवले. अकराही फॉर्मांवर माझी सही. अकराही फॉर्मांवर वेलांटी दुरुस्त केलेली.
बाहेर पायरीवर बसून राहिलो. काय काय कळत होते आणि कधीपासून कळत होते, ते इथे लिहीत नाही.

१० जुलै
'मंडळात' गेलो. पाटी ओळखली. आत यंत्रांच्या रांगा, प्रत्येकापुढे एक पांढरे डोके. कोणी कोणाशी बोलत नव्हते. आई तिसऱ्या रांगेत. पायाखाली छोटे स्टूल. गुडघे दुखतात म्हणून केंद्रानेच दिलेले. मला बघून हसली आणि म्हणाली, बस ना, शेजारचं रिकामंय. बोलतानाही बटण दाबतच होती.
काउंटरवर गेलो. म्हणालो, मी त्यांचा मुलगा, त्यांना इथे प्रवेशबंदी करा, अर्ज द्या. कारकून फार अदबीचा. म्हणाला, सर, असा अर्जच नाही. मसुद्यात होतं एक कलम, पण परिभाषा अधिकाऱ्यांनी काढायला लावलं. आणि तसं बघा ना सर, विरंगुळ्याला बंदी कशी घालणार?
मी म्हणालो, अहो, हा जुगार आहे!
तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, सर, हा शब्द इथे वापरायला मनाई आहे.

१३ जुलै
ऑपरेशनची तारीख रद्द केली. पैसे भरल्यावर नवी मिळेल. कर्जासाठी ऑफिसात अर्ज दिला. टंकलेखिका जूनअखेर रिटायर झाली, त्यामुळे तो माझा मीच टाइप केला. बायको तीन दिवस बोलत नाही. बोलली असती तर बरे झाले असते. लाज वाटते. या शब्दाला दुसरा शब्द नको.
संकल्प एकच. उद्या आईला सगळे खरे सांगायचे. शब्द कोणाचा, कलम कोणी काढले, सगळे. मुद्दे कागदावर काढले आहेत.

१४ जुलै, सकाळी
सहाला उठलो.
आई तयार होऊन बसली होती. केस नीट बांधलेले. हॉस्पिटलसाठी नव्हे, गाडीसाठी. तारीख पुढे गेली म्हटल्यावर, बरं झालं, एवढेच म्हणाली होती.
कागद खिशातच राहिला. मी म्हणालो, आई, आता तिथे जायचं नाही. ठेव संपली. ती म्हणाली, संपेल कशी? योगदान दिलंय ते. जातंय कुठे? सरकारकडेच तर आहे.
मी म्हणालो, आई, तो जुगार आहे.
आधी तिला हसू आले. मग ती जी चिडली! म्हणाली, जुगार असता तर या वयात मी तिथे पाऊल टाकलं असतं? मला काय वाचता येत नाही? एवढी मोठी पाटी लावलीय सरकारनं, विरंगुळा म्हणून. मग जरा मायेने म्हणाली, आणि सरकारात शब्द तपासायला माझा मुलगा बसलाय ना? मी सगळ्यांना सांगते तिथे. खोटा शब्द तू लागू दिला असतास का? सांग.
बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तीही उत्तराची वाट बघत होती.
मी म्हणालो, नसता लागू दिला.
खाली हॉर्न वाजला. आई भिंत धरून उठली. तिच्या गुडघ्यांचा आवाज आला. रोजच येत असणार. मी हात दिला. तीन मजले, एकेका पायरीवर दोन्ही पाय, मध्ये दोनदा थांबून. खाली पोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. गाडीत बसवून वर आलो.