चार बाजूंची मापं

दि. २ जून

चि. ठकूस, मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बरी आहे' एवढं म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. अपघाताला आठ महिने झाले. येत्या एक जुलैपासून तू ग्रंथालयात पुन्हा रुजू होणार हे तुझ्या भावाकडून कळलं. तू सांगितलं असतंस तर जास्त गोड वाटलं असतं.

परवा कपाट आवरताना तुझ्या आईनं ठेवलेलं कापड सापडलं. गर्द निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. ठकूला पूर्ण घेराचा स्कर्ट शीव असं सांगून ती ठेवून गेली, आणि मग सांगणारीच राहिली नाही. कापड सव्वाचार मीटर आहे, पन्हा एकशे पंधरा सेंटिमीटर. दोन अर्धगोल कापून जोडायचे म्हटलं तर उरेल ते बाहुलीच्या झग्यालाही पुरणार नाही. असं कापड आता कुठे मिळत नाही, तेव्हा चुकून चालायचं नाही.

कंबर मोजून पाठव, श्वास न रोखता. मग कमरेपासून खालची लांबी, पुढून, मागून, डावीकडून आणि उजवीकडून. कमरेच्या मापाला सव्वासहानं भागलं की मधल्या गोलाची त्रिज्या मिळते असं मी म्हणाले, तर तुझे काका कंपास घेऊन आले आणि सहा पूर्णांक अठ्ठावीस शतांशावर अडून बसले. गणिताच्या मास्तरांशी लग्न केल्याची शिक्षा.

लोभ आहेच. तो वाढावा असं वाटत असेल तर उत्तर लवकर धाड.

तुझी मावशी


दि. ८ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

कापडाचं वाचलं आणि थोडा वेळ पत्र उपडं ठेवलं. आई मला काही बोलली नव्हती.

मापं अशी. कंबर बहात्तर. लांबी पुढून नव्वद, मागून नव्वद, डावीकडून नव्वद, उजवीकडून नव्वद. बूट पूर्ण झाकले पाहिजेत, टोकसुद्धा दिसायला नको. शिवून झाला की पार्सलनं पाठव. मुद्दाम येऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात. मीही येत नाही. बाहेर पडायचा कंटाळा आलाय.

कामाचं म्हणशील, तर मुख्य ग्रंथपालबाईंना मी विचारलंय, पुढच्या काउंटरऐवजी मागे बांधणीच्या खोलीत बसू का म्हणून. तिथे फाटकी पुस्तकं आणि डिंक, माणूस कुणी नाही. त्या म्हणाल्या, काउंटर तुमचाच आहे, तरी ठरवून सांगा. मी जवळजवळ ठरवलंय.

काकांना सांग, त्यांचंच बरोबर आहे. तू रागावशील, तरी लोभ राहू दे.

तुझी ठकू


दि. १३ जून

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

मापं मिळाली. कात्री हातात घेतली आणि परत खाली ठेवली.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये शिवण शिकवायला एक सिस्टर होत्या. खाकी कागदावर नमुने काढून घ्यायच्या आणि प्रत्येकीची मापांची वही तपासायच्या. एकदा मी आळस केला. मैत्रिणीची एकच लांबी घेतली आणि चारही रकान्यांत तीच लिहिली. सिस्टरांनी वही मिटली आणि अगदी हळू आवाजात विचारलं की हे माप कुठल्या खांबाचं आहे. वर्ग हसला. मी मात्र ते जन्मभर विसरले नाही. त्यानंतर शेकडो बायकांची मापं घेतली. एकीचेही चार आकडे सारखे आले नाहीत. कुणाचं पोट पुढे, कुणाची पाठ आत. तुझ्या आईची डावी बाजू उजवीपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त भरायची. तुला कडेवर घेऊन घेऊन असं झालं, हे ती मोठ्या कौतुकानं सांगायची.

तेव्हा एक तर तू टेप लावलीच नाहीस, नाही तर लावलीस एक आणि लिहिलंस दुसरंच. मी रागावले नाही. पण खोट्या मापावर तिचं कापड कापायचा मला धीर होत नाही. बांधणीच्या खोलीचं ठरवण्याआधी खरं माप कळव.

उत्तराची वाट पाहणारी,
मावशी


दि. १८ जून

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

मी फक्त पुढची बाजू मोजली होती. काल आरशासमोर उभी राहिले. पुढून नव्वद, मागून साडेएकोणनव्वद. डावीकडून एक्याण्णव, उजवीकडून सत्त्याऐंशी. उजव्या बुटाचा तळ जाड करून दिलाय, तो धरून एवढा फरक. बुटाशिवाय मोजलं नाही, विचारूही नकोस. डॉक्टर म्हणाले, खुबा आता यापेक्षा सुधारायचा नाही, आणि काठीही राहील.

मी एका बाजूला झुकून चालते, मावशी. जिन्यात शेजारीण भेटली, चांगलं बोलली, पण सगळा वेळ बुटाकडे बघत. काउंटरवर दिवसाला शंभर माणसं येतात. त्या शंभर जणांनी आधी खाली बघावं आणि मग वर, हे मला सोसणार नाही. चारदा नव्वद लिहिताना वाटलं, कागदावर तरी सरळ दिसू दे.

कापड कापू नकोस. राहू दे कपाटात.

तुझी ठकू


दि. २२ जून

चि. ठकूस, अनेक आशीर्वाद.

कापलं. तू नको म्हणालीस तरी कापलं. सगळ्यांत मोठी बाजू एक्याण्णव, ती सगळीकडे धरली. मधल्या गोलाला हिशेबानं साडेअकरा येत होते, मी अकराच घेतले. तो मोठा करता येतो, लहान करता येत नाही. काकांनी दोरीला खडू बांधला, दुसरं टोक मी अंगठ्याखाली दाबलं आणि ते जमिनीवर रांगत अर्धगोल काढत गेले. उठताना दोघं एकमेकांना धरून उठलो.

आता तो हँगरला लटकतोय. गोल कापलेलं कापड तिरक्या बाजूंना ओघळतं, म्हणून खालची कड आधी शिवत नाहीत. ती अंगावर घालून, जमिनीपासून मोजून आखायची. गिऱ्हाइकांना सांगत नाही ते तुला सांगते. नीट बसणारा घेराचा स्कर्ट टेबलावर पसरला तर गोल दिसत नाही. कुठे फुगलेला, कुठे आत गेलेला. माझ्या हातून गेलेला प्रत्येक तसाच होता. ज्या बाईचा असतो तिच्या अंगावरच तो सरळ पडतो.

काउंटरवर कुणी खाली बघणार नाही, असं मी म्हणणार नाही. बघतील. पण तू खोलीत लपलीस तर वरही बघायचे नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही येतो. आखणी होईपर्यंत काकांना स्वयंपाकघरात बसवू. तू दार उघडलंस की झालं, बाकी काही करू नकोस.

तुझी मावशी


दि. ४ जुलै

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

शनिवारी तू जमिनीवर बसून कडेच्या खुणा करत होतीस आणि तोल जाऊ नये म्हणून मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता. अपघातानंतर इतक्या जवळ मी कुणाला येऊ दिलं नव्हतं. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

काउंटर घेतला. पहिल्या दिवशी लोकांनी खाली बघितलंच. मी मोजत होते. चाळीसच्या पुढे मोजायचं राहिलं, कारण एक आजोबा आठ महिने उशिरा पुस्तक घेऊन आले. म्हणाले, मधे तुमच्या जागी बसणाऱ्या मुलीला द्यायचं नव्हतं, ती नुसता शिक्का मारते. तुम्ही आधी ओरडता आणि मग पुस्तक कसं वाटलं ते विचारता. मग मी ओरडले, आणि विचारलंही.

एक तक्रार आहे. जिना चढताना काठीचं रबर घेरात अडकतं. दोनदा कठडा धरावा लागला. लांबी कमी कर, चांगली वीतभर. बूट दिसेल हे मला कळतं. दिसू दे.

कड नव्यानं आखावी लागेल, तेव्हा रविवारी दहाच्या बसनं मीच येते. काकांना थांब्यावर पाठवू नकोस, तिथून चालत येईन. वेळ लागेल. तोवर जेवायला बसू नका.

तुझी ठकू