तुझं रशियन पावणं

प्रिय बाळू,

गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला कधी पटलं नाही. पण आज तुझ्या पुस्तकाची प्रुफं आली, आणि ज्याच्यापाशी तक्रार करावी असं दुसरं कुणी उरलेलं नाही.

तुझा रशियन संगीतकार इस्पितळात मरतो तिथे तू दोनच शब्द लिहिले होतेस, ‘पावणं गेलं.’ संपादकांनी तिथे केलंय, ‘या थोर संगीतकाराचे दुःखद निधन झाले.’ दुःखद! यांना कधी झालं होतं दुःख?

लगेच संपादकांना पुण्याला फोन लावला.

“बाई, आम्ही फक्त भाषा शुद्ध केली आहे.”

“मग पुस्तकावर नावही तुमचंच घाला,” मी म्हणाले.

तुला आठवतं, शाहूवाडीची तुझी खोली? तू पाटबंधारे खात्यात कारकून. रशियन पुस्तकांच्या प्रदर्शनातून या संगीतकाराची एक तबकडी आणि त्याच्यावरची एक इंग्रजी पुस्तिका आणली होतीस. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, म्हणून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. ‘जमीनदाराचा मुलगा,’ मी वाचत होते, ‘सैन्यातली नोकरी सोडली, पुढे पोटासाठी जंगल खात्यात कारकुनी केली.’ तू ताडकन उठून बसलास.

“म्हंजी त्यो आमच्यातलाच की, आक्का!”

त्या दिवसापासून तो तुझं ‘पावणं’ झाला.

त्याला युरोपची उसनी ऐट नको होती. शेतकरी, दाया, भिकारी जसे बोलतात तसंच गाणं चढावं, उतरावं, एवढाच त्याचा हट्ट. तू खिडकीतून भात लावणाऱ्या बायकांकडे बोट दाखवलंस. “ऐक. ‘व्हय की’ म्हणताना आवाज कुठं जातोय? पावण्यानं ह्येच लिवलंय.” मी हसले नाही, बाळू. मला ते खरंच ऐकू आलं.

म्हणूनच तू त्याचं चरित्र आपल्या बोलीत लिहिलंस ना? दुसऱ्या कुठल्या भाषेत ते शोभलं असतं?

झारच्या अपराधी मनावरचा त्याचा ऑपेरा नाट्यगृहानं आधी परत पाठवला. त्यात देवळाच्या घंटा होत्या, गर्दीचा कालवा होता. जाणकार म्हणाले, याला संगीताचं व्याकरण येत नाही. तो दारूत बुडाला आणि मेला. मग एका जिवलग मित्रानं त्याची हस्तलिखितं घेऊन बसून सगळ्या ‘चुका’ दुरुस्त केल्या!

आणि तू काय लिहिलंस? ‘मैतराला शिव्या देऊ नका. त्येनं सुधारलं म्हणून जगानं ऐकलं तरी.’ का लिहिलंस हे? संपादकांनी नेमकं तेच मला ऐकवलं. “तुमच्या भावानंच मान्य केलंय. सुधारल्याशिवाय छापता येणार नाही.” तुझा हा भलेपणा मला आयुष्यभर नडला. कुणीही यावं आणि तुझ्याच शब्दांनी तुला गप्प करावं!

तुझी पुढची ओळ मात्र प्रुफांत नाही. ‘पर लई वर्सांनी त्येचं मूळ लिवलेलं लोकांनी वाजवलं, तवा कुठं पावणं सोता बोललं.’ जागेअभावी गाळली, म्हणे. जागा फक्त त्या ओळीलाच कमी पडली!

मी त्यांना ‘नाही’ असं स्पष्ट सांगितलं आहे. उद्या प्रुफं परत जातील. पुस्तक अडकणार, हे मला कळतं. तुझ्या सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या, तेही कळतं. चूक केली का रे मी? तू असतास तर म्हणाला असतास, “जाऊ दे की, आक्का.”

नाही जाऊ देणार. इचलकरंजीत छापखाने आहेत, जयसिंगपुरात आहेत. एकेकाच्या दारात जाईन. मला बोलता येतं, हे तुला ठाऊक आहे. उशीर होईल, कागद कदाचित हलका असेल. पण वचन देते, जो कुणी ते पुस्तक उघडील, त्याच्याशी तूच बोलशील.

तुझी,
आक्का