शिवणीतलं कापड

प्रिय ठकूबाई,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवरच बोललो असतो, पण तिथे तुझ्या आईचे कान असतात. हल्ली मला या घरात कुणाचाच भरवसा वाटत नाही. मी खोलीत आलो की बोलणं थांबतं. तुझी आत्या, जिने जन्मभर माझ्याशी भांडण्यापलीकडे काही केलं नाही, ती परवा चक्क गोड बोलली. तेव्हाच म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पोटातला कॅन्सर यकृतात पोचलाय, हे मला ठाऊक आहे. केमोने यकृतातल्या गाठी आक्रसल्या, आता दोन्हीकडचा रोगट भाग कापून काढू, मग पुन्हा केमो, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. खात्री देता का विचारलं, तर सरळ नाही म्हणाल्या. तुम्ही मात्र सगळे एका सुरात, छान होणार! इतकं एकमत आपल्या घरात कधी झालंय गं? म्हणून मी ऑपरेशनच्या कागदावरची सही अडवून धरलीय. जायचंच असेल तर पोट फाडून घेऊन कशाला जाऊ?

त्यात ते पँटचं प्रकरण. वजन एवढं उतरलं म्हणता, तरी माझ्या पँटी कमरेला अगदी बरोबर बसतात. मी आपला खूश! काल इस्त्रीसाठी एक पँट उलटी केली, तर मागची शिवण आत घेतलेली. टीप माझी नव्हती. जन्म शिवण्यात गेला माझा, मला काय दूधखुळा समजलात? शेवटचा दोरा लांब सोडलेला; ती तुझी खोड, ओरडून ओरडूनही गेली नाही. म्हणजे गेल्या महिन्यात राहायला आलीस, ती मी झोपलो की माझ्याच मशीनवर बसायचीस. असा संताप आला! बापाला फसवतेस? कात्री घेऊन सगळं उसवायलाच बसलो.

आणि हात थांबला. आतलं जास्तीचं कापड तू कापलंच नव्हतंस. नीट दुमडून, टोचू नये म्हणून हाताने टाके घालून ठेवलं होतंस. माणूस पुन्हा अंगाने भरणार असं वाटतं, तेव्हाच शिंपी कापड राखतो. तोंडाने काहीही सांगाल तुम्ही, पण हे मला दिसावं म्हणून तू केलं नव्हतंस. खूप रडलो मी, ठकू. आईला सांगू नकोस. सोमवारी सही करतोय, त्याआधी ये. आणि पुढे ती शिवण सैल करायला मीच बसेन, तुझ्या टाक्यांचा मला भरवसा नाही.

तुझाच,
संशयी बाबा