ताटकळलेली माणसं

प्रिय धाकोबा,

पत्र बघून हसशील. ताईला फोन करायला काय झालं होतं, म्हणशील. हसून घे, आणि मग शेवटपर्यंत वाच.

बाबांच्या आजारपणात तू परगावी नोकरीला होतास. हॉस्पिटलच्या खेपा माझ्याकडे होत्या. पहिल्या स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ दिसली तेव्हा ती लहान होती. मग तिचा तुकडा काढायला तारीख मिळेना, तुकडा काढला तर रिपोर्ट येईना, रिपोर्ट आला तर सर्जन रजेवर. बाबा म्हणायचे, "अगं, माझ्यापेक्षा माझे कागदच जास्त हिंडतायत." उपचार सुरू होईपर्यंत आजार हाडांत पोचला होता. ते गेल्यावर सगळे म्हणाले, आजारच वाईट. मीही तसंच म्हणून मनाची समजूत घातली.

पुढे त्याच हॉस्पिटलात मी रुग्ण-नोंदणीच्या कामाला लागले. "टायपिंगच ना?" म्हणून तू चिडवायचास. फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रत्येक माणूस आम्ही नोंदवतो. तपासणी कधी झाली, उपचार कधी सुरू झाले, पुढे काय झालं, सगळं. एकेकाचं वाचलं तर ज्याचं त्याचं नशीब वाटतं. शेकडो माणसांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या, तेव्हा खरं काय ते दिसलं. बाबा एकटे नव्हते रे. निम्म्याहून जास्त माणसं तशीच ताटकळली होती.

गेल्या वर्षी हे बैठकीत मांडलं. विभागप्रमुख भडकले. "आमच्याकडे पेशंट येतातच उशिरा, त्याला आम्ही काय करणार?" पण नोंदणी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलचे आकडे पुढे केले. पेशंट तितकेच आजारी, पण उपचार कितीतरी लवकर सुरू, आणि वर्षानंतर हयात असलेलेही जास्त. प्रमुखांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, "ते वेगळं काय करतात?"

मग ते स्वतः तिकडे जाऊन बघून आले. आता सगळे डॉक्टर दर आठवड्याला एकत्र बसतात आणि प्रत्येक पेशंटचं तिथल्या तिथे ठरवतात. रिपोर्ट अडकला तर एक नर्स हात धुऊन मागे लागते. म्हणून सगळेच वाचतात असं नाही. परवाच एक शिंपीकाका गेले. त्यांची बायको म्हणाली, "शेवटपर्यंत कुणी आम्हाला नुसतंच 'उद्या या' म्हटलं नाही." मला बाबा आठवले आणि रडू आवरेना.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. "आत्या, बाबांच्या खोकल्यातून रक्त पडतंय. एक्स-रेत डाग आहे. आजोबांचे हाल ते विसरले नाहीत. म्हणतात, मला तुमच्या त्या हॉस्पिटलात नेऊ नका." तेव्हापासून तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पत्र. डाग कसला आहे ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. बरा होशीलच असं खोटं वचन मी देणार नाही. पण तुला कुणी ताटकळत ठेवणार नाही, एवढं मी बघेन. मंगळवारी सकाळची तुझी वेळ घेतली आहे. रागावून ये, मला बोल लावत ये, पण ये. मी दाराशीच उभी असेन.

तुझीच वाट बघणारी,
ताई